न सापडणे आणि नसणे

इतिहासाच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण उघडले की एक वाक्य हमखास भेटते : या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही. हल्ली या वाक्यामागे बहुतेकदा ग्रंथालयाच्या डेटाबेसमधला एखादा शोध असतो. चौकटीत दोन-तीन शब्द टाकले, मध्ये ‘अँड’ घातला, पडद्यावर शून्य आले आणि वाक्य लिहून झाले. संगणकाने एवढेच सांगितलेले असते की दिलेली अक्षरे त्याच्याकडच्या मजकुरात जुळली नाहीत. तिथून ‘असे काही नाहीच’ इथवर उडी मारायचा अधिकार कुणाला आणि केव्हा, हा प्रश्न मात्र संगणकाहून फार जुना आहे.

मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्टांनी सातव्या शतकात श्लोकवार्तिकात अभावाची स्वतंत्र चर्चा केली. समोरच्या जमिनीवर घट नाही, हे कळते कशाने? डोळ्यांना जमीन दिसते. ‘नसणे’ काही दिसत नाही. म्हणून त्यांच्या परंपरेतल्या भाट्ट मीमांसकांनी प्रत्यक्ष, अनुमान वगैरे पाच प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, जोडीला अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानले. मीमांसेतल्याच प्रभाकरांच्या पंथाला ते पटले नाही. त्यांच्या मते नुसती जमीन दिसते, एवढाच काय तो अनुभव. नैयायिकांनी तिसरीच वाट धरली : अभाव खरा, पण तो प्रत्यक्षानेच कळतो.

ज्यांनी न दिसण्याला किंमत दिली, त्यांनी एक अट मात्र घातली. ती योग्यतेची. घट असता तर दिसला असता, असे ठामपणे म्हणता आले तरच तो न दिसण्याला अर्थ. सतराव्या शतकातल्या वेदान्तपरिभाषेत धर्मराजाध्वरींद्रांनी हे नेमके मांडले आहे. लख्ख उजेडातल्या जमिनीवर घट दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

उजेडातल्या न सापडण्याने इतिहासात केवढे काम होते, ते इटलीतला विद्वान लोरेन्झो व्हाला याने 1440 साली दाखवले. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडच्या साम्राज्याची सत्ता पोपला बहाल केली, असे सांगणारे दानपत्र बनावट असल्याचे त्याने सिद्ध केले. त्यातली लॅटिन भाषा त्या काळची नाही, हा त्याचा मुद्दा गाजला. पण आणखी एक मुद्दा होता. पोपने खरोखर राज्य केले असते तर त्याची सोन्यारुप्याची नाणी सापडली असती. एकही सापडत नाही. राज्यकर्ता नाणी पाडतो आणि नाणी टिकतात, म्हणून इथे नाण्यांचे नसणे बोलते.

डेटाबेसमधला उजेड कितपत आहे, हे ठरवायला तो कसा बनला ते पाहावे लागते. विद्वत्-नियतकालिकांचे जेस्टोर हे डिजिटल भांडार 1995 साली सुरू झाले, ते इतिहास आणि अर्थशास्त्राच्या दहा नियतकालिकांपासून. मेलन फाउंडेशनचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम बोवेन यांच्यापुढची अडचण जागेची होती. ग्रंथालयांत जुन्या अंकांचे गठ्ठे मावेनात. पानांच्या प्रतिमा घ्यायच्या आणि यंत्राने ओळखलेली अक्षरे शोधासाठी त्यांच्यामागे ठेवायची, असा तोडगा निघाला. त्यामुळे वाचकाला वाटते आपण छापील पाने चाळतो आहोत. प्रत्यक्षात शोध चालतो तो यंत्राने वाचलेल्या पाठात. यंत्र जिथे अडखळले, तिथे पानावर ठळक छापलेला शब्दही शोधाला सापडत नाही. शिवाय अनेक नियतकालिकांचे अलीकडच्या तीन ते पाच वर्षांचे अंक तिथे नसतातच.

पंढरपूरच्या विठ्ठलावरचे लेख शोधून पाहावेत. रोमन लिपीत ‘टी’ एक की दोन? शेवटी ‘ए’ घ्यायचा की नाही? अक्षराखाली टिंब दिले तर शोध बिघडेल का? आणि लेखकाने विठ्ठल न म्हणता विठोबाच म्हटले असेल तर? एवढे सगळे पर्याय ‘ऑर’ घालून जोडले, तरी रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ अशा जाळ्यात सहजी येत नाही. विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधणारा हा ग्रंथ 1984 सालचा. ॲन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला 2011 साली. मधली 27 वर्षे केवळ इंग्रजी शब्दांनी शोधणाऱ्याला तो फार तर कुणाच्या तळटीपेत भेटणार.

मूळ कागदांची गोष्ट तर आणखी पुढची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत छापले. बाकीचे मोडी कागद हजारो रुमालांत आहेत. तिथे रुमालाची गाठ सोडून, मोडी लावत बसण्याला पर्याय नाही.

बौद्ध तार्किक धर्मकीर्ती इथे आणखी कडक होतो. देशाने, काळाने किंवा स्वभावाने दूर असलेल्या वस्तू दिसल्या नाहीत, तर त्यातून फक्त संशय निघतो, अभावाचा निर्णय नाही, असे तो न्यायबिंदूत बजावतो. इतिहासाचा सारा विषय तर काळानेच दूर गेलेला. पण घटना दूर गेली तरी तिच्या खुणा आज हाताशी असू शकतात, म्हणून योग्यता तपासायची ती खुणांची. अशी घटना कागदावर आली असती का? तो कागद टिकला असता का? कुणी तो छापला, सूचीत घेतला असता का? यातल्या एकाही प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ असे उत्तर आले, तर पडद्यावरचे शून्य अंधारातले ठरते.

हीच तपासणी मार्को पोलोच्या बाबतीत करून पाहता येते. ब्रिटिश चीनतज्ज्ञ फ्रान्सेस वुड यांनी 1995 सालच्या पुस्तकात मार्को पोलो चीनला गेला होता का, अशी शंका घेतली. त्याच्या वृत्तांतात चीनच्या भिंतीचा उल्लेख नाही, चहा नाही, आणि चिनी कागदपत्रांत त्याचे नाव नाही. भिंतीचे उत्तर सोपे होते. आज दिसणारी भिंत मुख्यतः मिंग काळातली, म्हणजे मार्कोनंतरची. नावाचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. मार्को ज्यांच्यासोबत चीनहून निघाल्याचे सांगतो, त्या इराणच्या तीन दूतांची नावे यांग झिजिऊ या इतिहासकाराला एका जुन्या चिनी ज्ञानकोशात उतरवून घेतलेल्या 1290 सालच्या सरकारी हुकमात सापडली आणि त्याने ती 1941 साली प्रसिद्ध केली. हुकूम त्या दूतांच्या लवाजम्याच्या शिध्याचा आहे. त्यात मार्कोचे नाव नाही. मग हा पुरावा मार्कोच्या बाजूचा की विरुद्ध? ते ठरते शिध्याच्या हुकमात सोबतच्या परदेशी माणसाचे नाव घालण्याची रीत होती का, यावर. आणि त्याचे उत्तर मार्कोच्या काळातल्या युआन दरबाराचे असे आणखी हुकूम वाचलेल्यालाच देता येते.