फुल रेंज आणि एक फसवे अनुमान

मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असूनही पान उघडत नाही, तेव्हा आपण नेटवर्कला बोल लावतो. भारतीय न्यायशास्त्र मानणारा नैयायिक आधी आपल्या अनुमानाला बोल लावील. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे टिकते. अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, हे टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओले सरपण लागते, आणि ही लपलेली अट न्यायशास्त्र ‘उपाधी’ म्हणून वेगळी काढते. ‘रेंज फुल, म्हणजे नेट चालणारच’ हे विधान या दुसऱ्या जातीचे आहे, असे माझे म्हणणे.

इथले ओले सरपण कोणते? काड्या मुख्यतः सिग्नलचा जोर सांगतात. ४जी फोन तो आरएसआरपी या आकड्यात मोजतो: उणे ८० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ११० च्या खाली दुबळा. पण क्लॉड शॅननने १९४८ मध्येच दाखवले की माहिती वाहण्याची क्षमता लहरींच्या पट्ट्याची रुंदी आणि सिग्नलचे गोंगाटाशी असलेले गुणोत्तर यांवर ठरते. दोन टॉवरांच्या हद्दीवर दोघांचेही सिग्नल सारख्याच जोराने पोचले, तर एकाचा सिग्नल हाच दुसऱ्याचा गोंगाट. मग हे गुणोत्तर, म्हणजे एसआयएनआर, शून्य डेसिबलजवळ घसरते. काड्या भरलेल्याच राहतात. यात्रेच्या गर्दीत टॉवरची क्षमता किती जणांत वाटली जाते, हे तर यातला कोणताच आकडा सांगत नाही. त्यातून किती डीबीएमला किती काड्या, याचाही सर्वमान्य नियम नाही. आयफोनचे काड्या ठरवण्याचे सूत्रच चुकले असून अनेकदा दोन काड्या जास्त दिसतात, अशी कबुली ॲपलने २०१० मध्ये दिली होती.

कोणी म्हणेल, ज्ञानाची कसोटी सफल प्रवृत्ती, हे न्यायाचेच मत. काड्या पाहून जागा बदलली की बहुधा काम होते. होते खरे, पण जिथे एकच टॉवर आणि तोही लांब आहे तिथे. कारण तिथे अडचण जोराचीच असते. दाट वस्तीत हीच कसोटी काड्यांवर उलटते. जडवादी चार्वाक म्हणेल, चिन्हे सोडा, स्पीड टेस्ट करा. प्रत्यक्ष तेवढे खरे. पण ती चाचणी त्या क्षणाची, त्या एका सर्व्हरपर्यंतची गती दाखवते. तासभराची ऑनलाइन मुलाखत अखंड चालेल का, यासाठी तिच्यावरूनही अनुमानच करावे लागते. न दिसणारे नसतेच, तर घराबाहेर पडताच चार्वाकाने बायकामुलांसाठी शोक करायला हवा, असा नैयायिक उदयनाचार्यांचा टोला इथेही लागू पडतो.

अनुमान टळत नाही. उपाधी मात्र तपासता येते. एसआयएनआर दाखवणारी ॲप मिळतात. खिडकीपासून दोन पावले आत आल्यावर आरएसआरपी उतरला, पण शेजारच्या टॉवरला भिंत आडवी आल्याने एसआयएनआर चढला, तर व्हिडिओ कॉलसाठी एक काडी कमी असलेली तीच जागा बरी.