अश्वशक्ति आणि भरंवसा

एखाद्या मनुष्याची थोरवी सांगतांना आपण त्याच्या पराक्रमाचे प्रसंग मोजतों; त्याच्या सवयी सहसा मोजीत नाहीं. अमक्यानें एका रात्रींत एवढें काम उरकलें, तमक्यानें एका भाषणानें सबंध सभा हलविली, हें आपणांस आठवतें. परंतु जो तीस वर्षें ठरल्या वेळीं ठरलेलें काम करीत आला, त्याचें नांव त्याच्या निवृत्तीच्या समारंभापलीकडे फारसें कोणी घेत नाहीं. शक्तीचें कौतुक आणि भरंवशाची उपेक्षा ही जी आपल्या मनाची रीत, ती योग्य कीं अयोग्य, या प्रश्नाचा विचार आम्ही येथें एका यंत्राच्या निमित्तानें करूं इच्छितों. यंत्राचा आधार घेण्याचें कारण इतकेंच कीं, मनुष्याच्या बाबतींत स्नेह, भीड, अभिमान हीं आड येतात. यंत्राची भीड धरण्याचें कोणास कारण नसतें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. वैशाखांतील एका रात्रीं साताऱ्यास आमच्या वृद्ध मावशींचा श्वास एकाएकीं कोंडूं लागला. त्यांचे नेहमींचे डॉक्टर मिरजेस असत. त्यांनीं ताबडतोब घेऊन येण्यास सांगितलें. दारांत दोन मोटारी उभ्या होत्या. एक आमची, लहानशी, अकरा वर्षांची, रंग उडालेली. दुसरी सुटींत आलेल्या भाच्याची, परदेशी बनावटीची, सुपरचार्जर बसविलेल्या इंजिनाची. त्या इंजिनाचे आंकडे आम्हांस तोंडपाठ झाले होते, कारण जेवतांना दुसरा विषयच नसे. "मामा, हिच्यांतून गेलों तर अर्धा तास वाचेल," असें भाचा म्हणाला, आणि आम्हीं होकार दिला.

कराड मागें पडेपर्यंत प्रवास उत्तम झाला. कासेगांवच्या अलीकडे समोरच्या फलकावर एक पिंवळा दिवा लागला, आणि पाहतां पाहतां ती मोटार बैलगाडीच्या गतीवर आली. इंजिन बंद पडलें नव्हतें. त्यानें आपला जोर आपणच आवरून घेतला होता. दाबलेली हवा थंड ठेवण्यासाठीं पाणी फिरविणारा एक लहानसा पंप बिघडला होता, हें मागाहून कळलें. हवा प्रमाणाबाहेर तापली कीं इंजिनास इजा होऊं नये म्हणून त्याची नियंत्रक यंत्रणा जोर कमी करते. ती आपलें काम चोख बजावीत होती. इंजिनानें स्वतःस वाचविलें. आंत बसलेल्या रोग्याची काळजी वाहणें हें त्याच्या कामांत मोडत नव्हतें.

पाठीमागून सांगलीच्या पहांटेच्या बाजारास भाजी नेणारी एक जुनी जीप आली. चालकानें फारसें कांहीं न विचारतां पुढची बैठक मोकळी केली, मावशींच्या पाठीशीं आपली घोंगडी घडी करून लावली, आणि आम्ही दोघे वांग्यांच्या करंड्यांशेजारीं अंग चोरून बसलों. सांगलीचा बाजार मागें ठेवून त्यानें आम्हांस आधीं मिरजेस पोहोंचविलें. मावशी त्या दुखण्यांतून उठल्या. उतरतांना भाच्यानें, कांहीं तरी बोलावें म्हणून, जीप किती अश्वशक्तीची आहे असें विचारलें. "घोडं किती हायती त्ये ठावं न्हाई बघा," चालक म्हणाला, "पर रोज सांगलीला जाऊन येती."

पुढें समजलें कीं, तोच पिंवळा दिवा त्या आठवड्यांत खंबाटकीच्या घाटांत एकदां लागून विझला होता. भाच्यानें तें कोणास सांगितलें नव्हतें. परंतु दोष त्या एकट्याचा नव्हे. अकरा वर्षें एकदांही न अडलेली मोटार अंगणांत ठेवून दुसरींत बसण्याचा निर्णय आमचाही होता. आणि आमच्याजवळ त्याला आंकड्यांखेरीज कोणताही आधार नव्हता.

ते आंकडे खोटे होते काय? मुळींच नव्हते. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. तेव्हां सिलिंडरमध्यें जेवढी हवा शिरेल त्या मानानेंच इंधन जळणार. साधें इंजिन ही हवा आपल्या श्वासानें ओढून घेतें. सुपरचार्जर हा पंप इंजिनाच्याच जोरावर फिरून ती दाबून आंत कोंबतो. लाभ उघड आहे: त्याच आकाराच्या इंजिनांतून कितीतरी अधिक जोर निघतो. किंमतही उघड आहे. अमेरिकेंत 2014 सालीं जाहीर झालेल्या डॉज हेलकॅटचें 6.2 लिटरचें इंजिन 707 अश्वशक्तीचें. पण पूर्ण जोरांत त्याच्या सुपरचार्जरलाच सुमारें 80 अश्वशक्ति लागतात. शिवाय दाबलेली हवा तापते. आणि सिलिंडरमधील उष्णता फार वाढली कीं इंधन अवेळीं पेटून दट्ट्यावर घण घातल्यासारखे आघात होतात. म्हणून हवा थंड करावी लागते. त्यासाठीं आणखी पंप, आणखी नळ्या. अशा रीतीनें जोर जसजसा वाढतो, तसतशीं तो ज्यांवर अवलंबून असतो तीं लहान लहान अंगेंही वाढतात, आणि त्यांतील सर्वांत दुबळें अंग सबंध इंजिनाचा भरंवसा ठरवितें.

हा वाद नवा नाहीं. इंग्लंडांतील बेंटले मोटारींचे कर्ते डब्ल्यू. ओ. बेंटले यांस सुपरचार्जर मुळींच मान्य नव्हता; अधिक जोर हवा असेल तर इंजिनच मोठें करावें, असें त्यांचें मत. उलट सर हेन्री बर्किन या शर्यतपटूनें त्यांच्याच साडेचार लिटरच्या इंजिनास सुपरचार्जर बसविला. मुळांत सुमारें 110 अश्वशक्तीचें तें इंजिन शर्यतीच्या मोटारींत 240 पर्यंत पोहोंचलें. परंतु 1930 सालच्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतींत सुपरचार्जरच्या दोन्ही बेंटले मोटारी अर्ध्यांतच बाद झाल्या. आणि जिंकली ती बेंटलेचीच साडेसहा लिटरची, सुपरचार्जर नसलेली मोटार. आज मात्र संग्राहकांच्या तोंडीं नांव असतें तें बर्किनच्या हरलेल्या मोटारीचें! आमच्या आरंभींच्या प्रश्नाचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

येथें एखादा चतुर वाचक म्हणेल, "म्हणजे शक्तीचा मोह वाईट आणि संथपणा चांगला, हाच तुमचा उपदेश ना?" तसें असतें तर हा निबंध लिहिण्याचें कारण नव्हतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें 1,350 मीटर उंच आहे. तेथें हवा जवळजवळ एक अष्टमांशानें विरळ होते आणि साध्या इंजिनाचा जोर त्या मानानें घटतो. तेथें हवा दाबून आंत घालणें हा हव्यास नव्हे. गेलेलें परत मिळविणें आहे. विमानास तर तें अपरिहार्यच. दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर विमानांस जोर देणारें रोल्स-रॉइसचें मर्लिन इंजिन सुपरचार्जरचेंच होतें. आरंभीं सुमारें हजार अश्वशक्तीचें असलेलें हें इंजिन युद्ध संपेपर्यंत त्याच्या कांहीं प्रकारांत दोन हजारांच्या घरांत गेलें, आणि तरीही वैमानिकांनीं त्यावर जीव टाकला. कारण कारखान्यांतून निघालेलें इंजिन घेऊन तें मोडेपर्यंत पूर्ण जोरानें चालवावयाचें, जें अंग मोडेल तें सुधारावयाचें, आणि पुन्हां चालवावयाचें, असा तेथील क्रम होता. आपल्या पुणें-बंगळूर रस्त्यावरून धांवणाऱ्या मालमोटारींच्या डिझेल इंजिनांतही हवा दाबूनच भरलेली असते. फरक इतकाच कीं तेथील पंप बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतानें फिरतो. तीं इंजिनें लाखों किलोमीटर चालतात. अर्थात् शक्ति आणि भरंवसा यांचें जन्मजात वैर नाहीं.

मग भेद कोठें आहे? आमच्या मतें तो असा. अश्वशक्ति हें एका क्षणाविषयींचें विधान आहे. तें कारखान्यांत तासाभरांत मोजून छापतां येतें. भरंवसा हें काळाविषयींचें वचन आहे, आणि तें पाळलें गेलें कीं नाहीं हें वचन देणाऱ्यानें नव्हे, घेणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. बर्किन आपली मोटार ताणीत होता तेव्हां हरण्याचा आणि मरण्याचाही धोका मुख्यतः त्याचा स्वतःचा होता. त्यास धाडस म्हणावें आणि त्याचें कौतुकही करावें. परंतु ज्या क्षणीं आंत दुसरा मनुष्य विश्वासानें बसतो, त्या क्षणीं तेंच ताणणें नीतीच्या कक्षेंत येतें. मर्लिनच्या कर्त्यांनीं मोडतोड आपल्या आवारांत करून घेतली, वैमानिकाच्या वांट्यास येऊं दिली नाहीं, यांतच त्यांचा मोठेपणा आहे. आणि आमच्या भाच्याची चूक मोटार जोरदार असण्यांत नव्हती. घाटांत दिसलेला दिवा त्यानें स्वतःपाशीं ठेवला, यांत होती.

आपल्याच भागांतील एक जुना इतिहास येथें आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल अशा समजुतीनें शेतकरी त्यास हात लावीनात. पहिले थोडे नांगर खपण्यासच दोन वर्षें गेलीं. पुढें 1910 सालीं औंधच्या संस्थानिकांनीं दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यांत आहे. त्या शेतकऱ्यांच्या अडाणीपणास आपण सहज हंसतों. पण त्यांच्या नकारांत एक रास्त प्रश्न दडलेला नव्हता काय? नांगर विकणाऱ्याचा फार तर एक नांगर परत येईल. घेणाऱ्याचा मात्र सबंध हंगाम बुडेल. ज्याचें नुकसान व्हावयाचें त्यानें थांबून पाहिलें, शेजाऱ्याच्या रानांत नांगर चालतांना पाहिला, आणि मग हात पुढें केला. भरंवसा मागून मिळत नसतो, हें त्या शेतकऱ्यांस शिकवावें लागलें नाहीं.

आपल्या घरांतूनही हाच प्रश्न निराळ्या वेषांत वावरतो. मुलाच्या गुणपत्रिकेवरचा आंकडा आपण पाहुण्यांस कौतुकानें दाखवितों. तो आंकडा मिळवितांना त्याच्या चेहऱ्यावर एखादा पिंवळा दिवा लागून विझला काय, हें विचारावयाचें राहून जातें. तो दिवा दिसल्यावर वेग कमी करणें यांत कमीपणा नाहीं. तो लपवून दुसऱ्यांस गाडींत बसविणें यांत आहे.

भाच्याची मोटार दुरुस्त झाली आणि ती आजही वेगानें धांवते. मात्र हल्लीं तिच्यांत कोणी बसण्याआधीं तो, न विचारतां, तिचें काय दुखतें खुपतें तें सांगतो. आम्हांस ती मोटार पूर्वींपेक्षां अधिक आवडूं लागली आहे.