बारबेल रो आणि कर्तेपणाचा प्रश्न

गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकायचे, बार पोटाच्या वरच्या भागाकडे ओढायचा आणि सावकाश खाली सोडायचा, हा बारबेल रोचा व्यायाम. ओढण्याचे काम पाठीच्या दोन्ही बाजूंचे रुंद स्नायू, खांद्याच्या पात्यांमधले स्नायू आणि दंड मिळून करतात. कण्यालगतचे स्नायू झुकलेले धड जागच्या जागी धरून ठेवतात. मग 'वजन मी ओढले' असे म्हणणारा 'मी' यांतला कोणता?

भगवद्गीतेच्या १८व्या अध्यायात प्रत्येक कर्माची ५ कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रिये, इथवर भाष्यकारांचे बरेचसे जुळते. दैव म्हणजे शंकराचार्यांच्या मते इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, तर रामानुजाचार्यांच्या मते अंतर्यामी परमात्मा. खरा मतभेद कर्त्याविषयी आहे. शंकराचार्यांच्या दृष्टीने आत्मा मुळात अकर्ता; कर्तेपण त्याच्यावर देह, बुद्धी अशा उपाधींमुळे लादले जाते. रामानुजाचार्य जीवाला खराखुरा कर्ता मानतात, मात्र त्याचे कर्तृत्व परमात्म्याच्या अधीन असते.

बारबेल रोमध्ये या मतांची कसोटी लागते. पेलवत नसलेले वजन लावले की कंबर झटका देते आणि बार वर येतो. पाहणाऱ्याला फळ दिसते, पण ज्या पाठीसाठी व्यायाम करायचा तिच्या वाट्याला काम कमी येते आणि कमरेवर नको तो ताण पडतो. 'मीच उचलणार' या हट्टापायी इथे उरलेल्या कारणांकडे दुर्लक्ष झालेले असते. शिवाय स्नायूंची वाढ ओढताना होत नाही. ती नंतर, अन्न आणि विश्रांती मिळाल्यावर, बरीचशी झोपेतही होते; तेव्हा कर्त्याला तिची जाणीवसुद्धा नसते. तिला दैवाच्या खात्यात टाकणे भाष्यकारांच्या अर्थापेक्षा सैल ठरेल, तरी ती कर्त्याच्या हातची नाही हे निश्चित.

तरीही बार आपोआप वर येत नाही. गीतेने कर्त्याला पाचांतून वगळलेले नाही. केवळ आपल्यालाच कर्ता मानणाऱ्याची समजूत तेवढी चुकीची ठरवली आहे. म्हणून व्यायामाच्या अनुभवाला रामानुजाचार्यांचे मत अधिक जवळचे वाटते: प्रयत्न खरा, पण स्वतंत्र नव्हे. शेवटच्या आवर्तनातही धड स्थिर राहील, इतकेच वजन बारला लावावे.