मडक्यातला माणूस

यंदा मे महिन्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत एका नामवंत वक्त्यांचं ‘मृत्यूनंतर काय?’ या विषयावर दीड तास भाषण झालं. सभागृह भरलं होतं. वक्ते अभ्यासू, वाणी गोड, संस्कृत मुखोद्गत. परलोक नाकारणाऱ्यांविषयी मात्र त्यांनी दोन वाक्यांत निकाल दिला. हिशेबाला घाबरतो तोच पुढचा जन्म नाकारतो, आणि ज्याच्या घरातलं कुणी अकाली गेलेलं नाही त्यालाच असं नाकारणं परवडतं, असं ते म्हणाले.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि दाराशी उभ्या असलेल्या मावशींनी हात वर केला. सभागृहाची झाडलोट करणं, खुर्च्या मांडणं आणि उचलणं हे त्यांचं काम. इतक्या वर्षांत त्यांनी तिथे कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. त्यांनी विचारलं, “माझा पोरगा चेंबरमधी उतरला आन् तिथंच गेला. चोवीस वर्षांचा हुता. तो आता कुठं आसंल?”

वक्त्यांचा आवाज मृदू झाला. “माउली, मागच्या जन्मीचं काही देणं होतं, ते फिटलं. आता त्याला चांगला जन्म मिळेल.” मावशींनी हात जोडले. माझ्या शेजारच्या बाईंचे डोळे भरून आले. मी तिसऱ्या रांगेत बसून होतो आणि गप्प राहिलो. ते गप्प राहणं पाच महिने माझ्या छातीवर बसलं आहे, म्हणून हा लेख.

परलोक नाकारणारा म्हटलं की लोकांना चार्वाक आणि त्याचं तूप आठवतं, म्हणून आधी त्या तुपाबद्दल. कर्ज काढून तूप पिणारा चार्वाक आपल्याला भेटतो तो त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलंच प्रकरण चार्वाकाला दिलं, पण पुढच्या दर्शनांनी ज्याला पाडायचं असा पहिलवान म्हणून. लोकायतांच्या, म्हणजे चार्वाकमताच्या, अंगाने जाणारा जो एक सबंध ग्रंथ हाती लागला, तो जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’. त्याची ताडपत्रावरची पोथी १९२६ साली पाटणच्या भांडारात सापडली आणि १९४० साली बडोद्याहून ती छापून निघाली. त्यात चैनीचा उपदेश नाही. तुम्हाला जे कळलं असं वाटतं ते नेमकं कशाच्या बळावर कळलं, हाच प्रश्न तो पानोपानी विचारतो आणि कुणाचंही उत्तर पुरेसं मानत नाही. हिशेबाला घाबरणारा माणूस असले हिशेब मांडत बसत नाही.

पण मला सांगायचं आहे ते पायासीबद्दल. बौद्धांच्या दीघनिकायात ‘पायासि सुत्त’ नावाचं सूत्र आहे. कोसल देशात सेतव्या नावाची नगरी होती. प्रसेनजित राजाने ती पायासी नावाच्या राजन्याला दिली होती. परलोक नाही, मेल्यावर कुणी कुठे जन्मत नाही, बऱ्यावाईट कर्माला फळ नाही, असं त्याचं मत. गावाबाहेरच्या शिसवाच्या वनात कुमार कस्सप नावाचा भिक्षू उतरला आणि पायासी त्याच्याशी वाद घालायला गेला. नास्तिकाला इतका वेळ बोलू देणारं दुसरं जुनं पुस्तक माझ्या वाचनात नाही, आणि त्याबद्दल मी बौद्ध संग्राहकांचा ऋणी आहे.

पायासीची पहिली गोष्ट ऐका. त्याचे काही नातेवाईक आयुष्यभर चोऱ्यामाऱ्या करत आले होते. ते शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा तो त्यांच्या उशाशी गेला आणि म्हणाला, श्रमण सांगतात त्याप्रमाणे तुम्ही नरकात जाल. गेलात तर मला येऊन सांगा, माझा तुमच्यावर विश्वास आहे, तुम्ही पाहिलंत म्हणजे मीच पाहिलं. ते हो म्हणाले, पण परत आले नाहीत. मग सज्जन आप्तांनाही त्याने हेच विचारलं, स्वर्गात गेलात तर निरोप धाडा. त्यांनीही शब्द दिला आणि त्यांच्याकडूनही काही आलं नाही.

मी हा भाग वाचतो तेव्हा मला वाद दिसत नाही. एक माणूस मरणाऱ्या माणसाचा हात धरून बसलेला दिसतो. आपलं माणूस जाताना कोण हे मनात विचारत नाही? पायासीने ते उघडपणे विचारलं आणि पुढे वाट पाहिली. ज्याच्या घरातलं कुणी गेलेलं नाही त्यालाच नाकारणं परवडतं, हे म्हणणं पायासीपुढे टिकत नाही. त्याच्या घरातलीच माणसं गेली होती.

कुमार कस्सप उत्तरं देतो ती दृष्टांतांनी. देहदंड झालेल्या चोराला घरच्यांना भेटायला मारेकरी सोडतील का? शेणखड्ड्यातून वर काढून न्हाऊमाखू घातलेला माणूस पुन्हा खड्ड्यात उतरेल का? आणि तिकडचा एक दिवस म्हणजे इकडची शंभर वर्षं, दोन दिवसांनी सांगू म्हणेपर्यंत तू उरशील का? दृष्टांत देखणे आहेत. पण ते निरोप का येत नाही हे सांगतात, निरोप आहे हे सांगत नाहीत. पायासीला हे बरोबर कळतं. तो विचारतो, तिकडे देव आहेत आणि त्यांचा दिवस एवढा लांब असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यावर कस्सप त्याला जन्मांधाची उपमा देतो. वाद तिथे संपायला हवा होता. माझ्या मते तो पायासीने जिंकला होता.

आमच्या वक्त्यांनी पुरावा म्हणून नागपूरचं एक प्रकरण सांगितलं. १९७४ च्या सुमारास एक मराठी प्राध्यापिका अधूनमधून ‘शारदा’ होऊन बंगालीत बोलू लागल्या आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगालातलं आयुष्य सांगू लागल्या. पुनर्जन्माच्या दाव्यांचा शोध घेणारे व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन, सतवंत पसरिचा आणि आपले वि. वि. अकोलकर यांनी त्याचा कसून अभ्यास केला. त्या प्राध्यापिकांना पूर्वीपासून बंगाली वाचनाची थोडीफार ओळख होती, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. या प्रकरणातून पुनर्जन्म सिद्ध होतो असं मला वाटत नाही. पण स्टीव्हन्सनबद्दल मला आदर आहे, आणि तो एका कुलपामुळे. त्यांनी एक आकड्यांचं कुलूप घेतलं, आकडे मनाशी ठरवले, कुणाला सांगितले नाहीत. मेल्यावर शक्य झालं तर ते कुणाला तरी कळवीन, असं त्यांनी ठरवलं होतं. २००७ साली ते वारले. व्हर्जिनियातलं ते कुलूप आणि सेतव्यात पायासीने घेतलेलं वचन यांत मला फरक दिसत नाही. श्रद्धा असणाऱ्यानेही पायासीचीच कसोटी प्रामाणिक मानली.

इथवर माझी बाजू पुराव्याची होती. पंचवीस वर्षं मी हीच बाजू मांडत आलो: दाखवा, मग मानतो. या लेखाचा पहिला खर्डाही तसाच होता. मग मी सूत्राचा पुढचा भाग पुन्हा वाचला आणि तो खर्डा बाजूला ठेवला.

पुढे पायासी सांगतो, माझी माणसं एका चोराला धरून आणतात. मी म्हणतो, याला जिवंतच मडक्यात घाला, तोंड बंद करा, वर ओलं कातडं ताणून चिखल लिंपा आणि चुलीवर चढवा. तो मेला असं कळल्यावर मडकं उतरवून, तोंड हळूच उघडून आम्ही पाहतो, जीव बाहेर पडताना दिसतो का. दिसत नाही. दुसऱ्या चोराला तो आधी जिवंत तोलतो, मग धनुष्याच्या दोरीने गळा आवळून पुन्हा तोलतो. आणखी एकाला सोलून, मांस, स्नायू, हाडं कापून आत जीव शोधतो. (विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांना खाटेसकट तराजूवर ठेवून आत्म्याचं वजन काढू पाहिलं होतं, त्याने निदान कुणा माणसाला मारलं नाही.)

कुमार कस्सप याचंही उत्तर देतो. तू दुपारी झोपतोस आणि स्वप्नात बागा हिंडतोस तेव्हा दासींना तुझा जीव आतबाहेर करताना दिसतो का? तापलेला लोखंडाचा गोळा हलका लागतो ना? अरणीची लाकडं फोडून अग्नी सापडतो का? दृष्टांतामागून दृष्टांत. पण तो एकदाही म्हणत नाही, ‘राजन्या, त्या मडक्यात माणूस होता.’

हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मी पायासीच्या बाजूने वाचत होतो, श्रद्धाळू कस्सपाच्या बाजूने वाचत असतील. पण मडक्याच्या बाजूने कुणीच वाचत नव्हतं. जीव आहे की नाही, यावर दोन हुशार माणसं शिसवाच्या सावलीत बोलत राहिली, आणि चुलीवर शिजलेल्या माणसाला सूत्रात नावसुद्धा नाही. शेवटी पायासी हार मानून उपासक होतो, मेल्यावर एका रिकाम्या विमानात जन्म घेतो. मला आता त्यातलं काहीच महत्त्वाचं वाटत नाही. पायासीची कसोटी पहिल्या दोन प्रश्नांपुरतीच निर्मळ होती. पुढे त्यालाही समोरच्या माणसापेक्षा जीव मोठा वाटू लागला. जीव नाही हे दाखवण्यासाठी का होईना, पण मोठा वाटला.

म्हणून आता मी परलोक नाकारतो तो पुरावा नाही एवढ्यासाठी नाही. पुरावा नसलेल्या पुष्कळ गोष्टी मी निमूट चालवून घेतो. मी तो नाकारतो कारण परलोकाचा हिशेब मांडला की इथल्या मडक्याला झाकण बसतं.

आपल्याकडे हे झाकण फार जुनं आहे. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय, की ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनीत जातात आणि ज्यांचं आचरण ओंगळ ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या योनीत. चांडाळाचा जन्म कुत्र्या-डुकरांच्या ओळीत बसवला, आणि तो त्याच्याच पदरात टाकला. एकदा हे मान्य केलं की विहिरीवर त्याला कोण येऊ देत नाही हा प्रश्नच उरत नाही. जोतीराव फुल्यांनी स्वर्ग-नरक आणि श्राद्ध यांवर कोरडा ओढला तो याच कारणाने. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. ती वैज्ञानिक दृष्टिकोनाची जाहिरात म्हणून आलेली नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहिताना त्यांनी पुनर्जन्माचा प्रश्न टाळला नाही. आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो हे मानलं तर मागच्या जन्माचं कर्म या जन्मीच्या गरिबीचं कारण ठरतं, आणि ते त्यांना साफ अमान्य होतं. बुद्धाच्याच धम्मात त्यांनी ती खिडकी बंद करून घेतली. कस्सपाने न विचारलेला प्रश्न अडीच हजार वर्षांनी बाबासाहेबांनी विचारला, असं मी समजतो.

सावरकरांनी मृत्युपत्रात विद्युतदाहिनी मागितली आणि पिंड, काकस्पर्श नको म्हणून लिहून ठेवलं. त्यांची कारणं वेगळी होती. नाकारणारे सगळे एका घरचे नसतात, एवढंच त्यातून घ्यावं.

माझं आणखी एक कारण आहे, ते घरातलं. शेवटची तीन वर्षं माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. ती मला आधी माझ्या मामाच्या नावाने हाक मारायची, पुढे हाकच मारेनाशी झाली. हात मात्र चालत होते. समोर कापूस ठेवला की सरकी काढून, बोटाला दूध लावून ती फुलवाती वळायची, सगळ्या एकसारख्या. वीणा मोडली तरी वाजवणारा शाबूत असतो, असं वक्ते म्हणाले. मी तीन वर्षं त्या वाजवणाऱ्याला शोधत होतो. कधी चढ्या आवाजात न बोललेली बाई शिव्या द्यायला लागली, आणि गोडाकडे न पाहणारी साखर मुठीने खाऊ लागली. मोडलं होतं ते नुसतं वाद्य नव्हतं. जी इथेच, माझ्या डोळ्यांसमोर, तुकड्यातुकड्याने गेली, ती पुढे सबंध कुठे असेल, हे मी कसं मानू? आणि जे कुठे असेल ते मला ओळखत नसेल, वाती वळत नसेल, तर त्याला मी आई कशाला म्हणू?

व्याख्यानानंतर महिन्याभराने मी मावशींच्या घरी गेलो. त्यांना नास्तिक करायला गेलो नव्हतो. या सर्वपित्रीला त्यांनी पोराच्या नावाने पान वाढलं, त्याला आवडायची म्हणून बोंबलाची चटणीही ठेवली, आणि मी तिथे बसून जेवलो. वक्त्यांच्या त्या उत्तराबद्दल मात्र मी विचारलं. त्या म्हणाल्या, “त्या राती लई बरं वाटलं बघा सर. सकाळी उठले आन् मनात आलं, म्हंजे माझ्या पोरानं मागल्या जन्मी काय गुन्हा केलता व्हय?”

त्यांच्या पोराचं काय झालं ते सांगतो. रविवारी सकाळी ठेकेदाराच्या माणसाने त्याला पाचशे रुपये ठरवून नेलं. चेंबर तुंबलं होतं. मास्क नव्हता, कमरेला दोर नव्हता, वर हवा सोडायचं यंत्र नव्हतं. सांडपाणी कुजतं तेव्हा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की आधी नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे धोका टळला असं आतल्याला वाटतं, आणि मग दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. २०१३ च्या कायद्याने असं कुणाला उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. यातलं मावशींना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं गेलं ते मागच्या जन्मीच्या देण्याबद्दल.

मावशींनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले: आधारकार्ड, बारावीची गुणपत्रिका, रुग्णालयाचा कागद. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात निळ्या शाईत ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढंच लिहिलेलं होतं. चेंबरचा उल्लेख नाही, वायूचा नाही, त्या दिवशी तो कुणाच्या कामावर होता याचा नाही.

तो रकाना दुरुस्त करून मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला आहे. सोबत उतरलेल्या पण वाचलेल्या मुलाचा जबाब जोडला आहे. मावशींनी सही करायच्या आधी मला अर्ज दोनदा मोठ्याने वाचायला लावला, आणि पोराचं नाव जिथे जिथे आलं तिथे बोट ठेवून पाहिलं, की ते पूर्ण लिहिलंय ना.