विजय कोणाचा?

दिलेलें दान परत मागण्याचा अधिकार दात्याला नाहीं, हें तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु देणें मध्येंच थांबविण्याचा अधिकार त्याला आहे कीं नाहीं, असें कोणीं विचारलें तर बहुतेकांचें उत्तर 'अर्थात् आहे' असेंच येईल. पैसा त्याचा, इच्छा त्याची. देत होता तोंवर त्याचे आभार मानावे, आणि उद्यां त्यानें हात आखडता घेतला तर मुकाट्यानें घरीं जावें. हें उत्तर जितकें सोपें तितकेंच अपुरें आहे, असें मला वाटतें. तें दाखविण्यासाठीं घेतलेलें उदाहरण क्रीडाक्षेत्रांतील असलें, तरी विचारी वाचक त्याला क्षुल्लक म्हणणार नाहींत, अशी आशा आहे.

उत्तर मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये. तिच्या मधून वर्दार नदी वाहते, आणि १९६१ सालीं निघालेल्या तेथील हँडबॉल-क्लबानें नदीचेंच नांव घेतलें आहे. पुढें दोनच वर्षांनीं, २६ जुलै १९६३ च्या पहांटे, भूकंपानें हें शहर उद्ध्वस्त केलें. हजारावर माणसें प्राणास मुकलीं. जुन्या रेल्वे-स्टेशनावरचें घड्याळ त्या वेळीं ५ वाजून १७ मिनिटांवर थांबलें, तें आजही तसेंच ठेविलेलें आहे. सगळ्या देशाची वस्ती सुमारें १८ लक्ष. फुटबॉलांत बड्या राष्ट्रांशीं टक्कर देणें अशा देशाला अवघड. पण हँडबॉल, म्हणजे सात सात खेळाडूंनीं साठ मिनिटें हातानें चेंडू फेंकून गोल करण्याचा खेळ, ह्यांत मात्र त्याला वरच्या पंक्तीस बसण्याची उमेद धरतां येते. ह्याच शहरांतील कोमेताल ह्या स्त्रियांच्या क्लबानें २००२ सालीं यूरोपचें अजिंक्यपद मिळविलेंही होतें.

वर्दारची उमेद सफळ झाली ती सर्गेई साम्सोनेन्को ह्या रशियन धनिकाच्या आश्रयानें. २०१० नंतरच्या दशकांत त्यानें पुरुषांचा व स्त्रियांचा असे दोन्ही संघ पोसले. २०१७ च्या जूनमध्यें कोलोन येथें पुरुषांच्या संघानें पॅरिस सेंट-जर्मेनचा २४–२३ असा पराभव करून यूरोपचें अजिंक्यपद जिंकलें. निर्णायक गोल इव्हान चुपिच ह्यानें अगदीं अखेरच्या क्षणीं केला. २०१९ च्या जूनमध्यें, त्याच शहरीं, हंगेरीच्या व्हेस्प्रेम संघावर २७–२४ अशी मात करून तेंच पद त्यानें पुन्हां मिळविलें. त्याच वर्षीं फेब्रुवारींत, ग्रीसशीं चाललेला जुना वाद मिटविण्यासाठीं, देशाला आपलें नांव बदलावें लागलें होतें. अशा लोकांना हा विजय केवढा मोलाचा वाटला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

येथें पहिला आक्षेप येतो. चुपिच क्रोएशियन, शिक्षक स्पॅनिश, पैसा रशियन. मग विजय स्कोप्येचा कसा? स्तोयांचे स्तोइलोव्ह ह्याच्यासारखे घरचे खेळाडू होते खरे, पण संघाचा पुष्कळसा भार परक्यांवर होता. तथापि हा आक्षेप टिकत नाहीं. देऊळ बांधणारा पाथरवट परगांवचा असला म्हणून देव परगांवचा होत नाहीं. ज्यांच्या नांवानें आणि ज्यांच्या आनंदासाठीं काम झालें, त्यांचा त्यावर हक्क पोंचतोच.

पण नेमकी येथेंच दात्याच्या अधिकाराला मर्यादा पडते. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत असा विचार मांडला आहे कीं, उपकृत मनुष्य उपकारकर्त्यावर जितकें प्रेम करतो, त्याहून अधिक प्रेम उपकारकर्ता उपकृतावर करतो. कारण कारागिराला जशी आपली कृति प्रिय, तसा त्याला तो प्रिय. विचार मार्मिक आहे, पण त्यांत एक धोका दडलेला आहे. कुंभाराला मडकें नावडतें झालें तर तो तें फोडूं शकतो. मडक्याला विचारण्याचें कारण पडत नाहीं. माणसांच्या संस्थेचें तसें नाहीं. वर्दारच्या स्त्रियांचा संघ २०१७ आणि २०१८ अशीं लागोपाठ दोन वर्षें अंतिम सामन्यांत हंगेरीच्या ग्योर संघाकडून हरला, आणि दोन्ही वेळां जादा वेळांत, अवघ्या एका गोलानें. त्यानंतर त्यांतील नामांकित खेळाडू निघून गेल्या. पुरुषांच्या संघावरचाही आश्रय २०१९ च्या विजयानंतर सरला. देणीं थकलीं, आणि विजयाचे शिल्पकार एकेक करून दुसरीकडे गेले.

साम्सोनेन्कोला दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. त्यानें जें दिलें तें दुसऱ्या कोणीं दिलें नव्हतें. प्रश्न व्यक्तीचा नसून तत्त्वाचा आहे. ज्यानें हजारोंच्या मनांत आशा पेरली, त्याचें देणें हें मग नुसतें दान राहत नाहीं. तें वचनाच्या जवळ जातें. दात्याला जाण्याचा अधिकार आहे, पण जितकी मोठी आशा त्यानें वाढविली, तितका अधिक अवधि देऊन आणि मागची व्यवस्था लावून जाणें हें त्याचें कर्तव्य आहे.

आणि घेणाऱ्याचें कर्तव्य काय? आनंदांत भागीदार आणि भारांत नाहीं, अशी मालकी अर्धीच म्हटली पाहिजे. दुसऱ्याच्या पैशानें मिळालेलें यश आपलें म्हणणें अयोग्य नाहीं. पण तो पैसा संपल्यावरही तें आपलेंच म्हणण्याची तयारी पाहिजे. वर्दार क्लब पूर्वीच्या वैभवानें नसला तरी अद्याप खेळत आहे, आणि त्या साध्या दिवसांतही जे प्रेक्षागारांत येऊन बसतात, ते कोलोनचे दोन्ही विजय निःसंकोचपणें आपले म्हणूं शकतात.