विचारणारे कोणी नाही

आमच्या आत्याबाई पंचविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हा ओसरीवर जमलेल्या बायका पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "पोर अनाथ झाली हो!" आई हे नेहमी सांगे. वास्तविक आत्याबाईंचे आईबाप हयात होते, दोन कर्ते भाऊ घरात होते. तरी त्या अनाथ. कारण नाथ गेला होता.

नाथ म्हणजे धनी. तो ज्याला नाही तो अनाथ. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी काढलेल्या आश्रमाचे नावही 'अनाथ बालिकाश्रम' असेच होते. आता हा शब्द आपण आईबाप नसलेल्या मुलांपुरता ठेवला आहे. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना १ टक्का आरक्षण दिले. त्यासाठी प्रमाणपत्र लागते. म्हणजे आपले कोणी नाही हे सांगायलाही कोणाची तरी सही हवीच.

पाणिनीय धातुपाठात 'नाथ्' या धातूचे अर्थ दिले आहेत ते याचना, उपताप, ऐश्वर्य आणि आशीर्वाद असे. मागणारा आणि धनी दोघेही एकाच धातूच्या पोटात, आणि मध्ये ताप! हा ताप कोणी कोणाला द्यायचा, हे वैयाकरणांनी सांगितलेले नाही. घरोघरच्या बायकांना ते न सांगताच कळत असावे.

आत्याबाई शिवण शिकल्या, शाळेत नोकरीला लागल्या आणि पुण्यात स्वतःची खोली घेऊन राहिल्या. कर्व्यांच्या संस्थेसाठी भाऊबीज गोळा करायला बायका आल्या, की या पदर खोचून पैसे काढीत आणि म्हणत, "यांचा भाऊ मी!" मनात येईल तेव्हा पंढरपूर, मनात येईल तेव्हा सिनेमा. कोणी नाक मुरडले, तर त्यांचे ठसक्यातले उत्तर ठरलेले असे, "मला विचारणारं कोण आहे?"

त्या सत्तरीच्या झाल्या, त्या वर्षी नरकचतुर्दशीला मी फराळाचा डबा घेऊन गेलो. दार नुसते लोटलेले होते. अंगात ताप, पणती नाही, चूल थंड. तीन दिवस त्या तशाच पडून होत्या. कपाळावर हात ठेवला तेव्हा पुटपुटल्या, "मला विचारणारं कोण आहे रे?"

वाक्य तेच होते, शब्दही तेच. माझे घर त्यांच्या खोलीपासून दहा मिनिटांवर, आणि मी गेलो होतो चार महिन्यांनी. त्यांना आपल्या स्वातंत्र्याचा अभिमान आहे, उगाच मध्ये पडू नये, अशी मी स्वतःची सोयीस्कर समजूत घालून घेतली होती. जाब विचारणारा नको असणे आणि विचारपूस करणारा नको असणे यांतले अंतर मला कळत नव्हते असे नाही. पण न जाणे सोपे होते.

नंतर मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो. एकदा कचेरीत उशीर झाला. जिना चढतो तो त्या दारातच उभ्या होत्या.

"इतका वेळ कुठे होतास?"

मी मुकाट्याने चपला काढल्या.