दगडाची साक्ष

प्रार्थनेचे स्थान ज्या हेतूने उभारले गेले, त्या हेतूचे ओझे पुढील पिढ्यांनीही वाहावे काय? जुने गोवे येथील रोझरीमातेचे छोटेखानी चर्च हा प्रश्न आपल्यापुढे उभा करते.

मोंती सांतो टेकडीवरील हे चर्च १५४४ ते १५४९ या काळात बांधले गेले. दर्शनी भागी गोल बुरूज, खिडक्या उंचावर; प्रथमदर्शनी किल्लाच वाटावा. बांधणी पोर्तुगालच्या राजा मॅन्युएलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीची. म्हणून गलबतांची आठवण देणारी दोरखंडाच्या पिळाची नक्षी येथे दिसते. आत दोना कातारिना या गव्हर्नर गार्सिया द सा यांच्या पत्नीचे स्मारक आहे. त्यावरील नाजूक कोरीवकाम मात्र गुजराती वळणाचे. स्मारक परक्या राज्यकर्त्यांचे, कला या भूमीची!

२५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने याच टेकडीवरून विजापूरकरांशी चाललेली लढाई न्याहाळली आणि केलेला नवस पुढे या चर्चच्या रूपाने फेडला गेला, असे सांगतात. त्या विजयानंतर नगरातील मुसलमानांची कत्तल झाली. आल्बुकेर्कने राजाला धाडलेल्या पत्रातच तिचा उल्लेख आहे. संत फ्रान्सिस झेवियर येथे सायंकाळी धर्मशिक्षण देत, ही परंपरा आपण मुलांना आवर्जून सांगतो. नवसाची कथाही सांगतो. कत्तलीपाशी मात्र आपली वाणी थबकते.

कुणी म्हणेल, रक्ताने माखलेल्या विजयाचे स्मारक पवित्र कसे? परंतु वास्तूचे पावित्र्य केवळ तिच्या पायाभरणीत नसते. पिढ्यान्‌पिढ्यांचे अश्रू, पश्चात्ताप आणि जपमाळेचे मणी त्या भिंतींत मुरलेले असतात. मग जुने विसरावे काय? तेही नव्हे. पुनरुत्थित प्रभूने आपले घाव झाकले नाहीत. संशयी थोमापुढे ते उघडे केले. गौरव आणि व्रण एकाच देहावर नांदू शकतात, हे आपल्या श्रद्धेचेच सांगणे आहे.

त्या बुरुजांना बुरूजपण लपविता येत नाही. आपणही मुलांना येथे नेऊ, तेव्हा संताची कथा सांगावी आणि त्या दिवशी मारल्या गेलेल्यांसाठी एक 'नमो मरिया' म्हणावयास शिकवावे. सत्य वगळून केलेली कृतज्ञता देवापुढे अपुरीच राहते.